वाटणीत आलेलं गुडविल

“नाव?” रामलिंग भाऊजींनी विचारलं.

द्वारकामामी कमरेवरचा ज्वारीचा डबा खाली ठेवायच्या बेतात होत्या. त्या तशाच अर्ध्या वाकलेल्या राहिल्या.

“कुणाचं नाव?”

“तुमचं. डब्यावर चिठ्ठी लावायची आहे.”

“रामलिंग्या, मी तुझी सख्खी मामी आहे. तुझ्या बारशाची कुंची मी शिवली. तुला गोवर आला तेव्हा आठ दिवस मांडीवर घेऊन बसले होते.”

“बसला असाल. पण ती ओळख आता वहिनींच्या मालकीची आहे. मला वापरता येत नाही. नाव सांगा.”

मामींनी मान वळवून रस्त्यापलीकडं पाहिलं. तिथं बंद पडलेल्या सायकलच्या दुकानाच्या पत्र्याखाली मी खुर्ची टाकून बसले होते.

“इंदे, ह्याला ऊन लागलं का काय?”

“नाही मामी,” मी म्हटलं. “कागदात तसं लिहिलंय.”

ह्याला आता बावीस वर्षं झाली. बार्शीत टेलिफोन ऑफिसच्या मागच्या आळीत आमची पिठाची गिरणी होती. माझे यजमान सोपान आणि त्यांचे धाकटे भाऊ रामलिंग, दोघांची मिळून. भाऊजी मशीन चालवायचे, मी दारात बसून डबे घ्यायची. हे गेले, त्यानंतरही दीड वर्ष भाऊजींनी आणि मी गिरणी तशीच चालवली. ना भांडण, ना तंटा. बोलणं कमी व्हायचं, पण ते मशीनच्या आवाजामुळं.

मग लातूरहून माझा दिगंबरदादा आला. तो सोसायटीत कारकून होता आणि लिहिलेलं नसेल तर पावसावरसुद्धा त्याचा विश्वास बसत नसे. माझ्यादेखत तो भाऊजींना म्हणाला, “आज तुम्ही चांगले आहात. उद्या बदललात तर हिनं जायचं कुठं? पोर नाही, बाळ नाही. सगळं लेखी पाहिजे.”

भाऊजी पट्ट्याला मेण लावत होते. त्यांचा हात थांबला.

“वहिनींनापण लेखी पाहिजे?”

मी नको म्हणायला पाहिजे होतं. पण दादा तीन तास एसटीत उभं राहून आला होता.

“ठीक आहे,” भाऊजी म्हणाले. “मग लिहू. आणि लिहिल्याप्रमाणंच वागू.”

कर सल्लागार बोथरासाहेबांच्या ऑफिसात आम्ही तिघं बसलो. साहेबांनी समजावून सांगितलं, “गिरणीत तीन गोष्टी असतात. जागा, मशीन आणि गुडविल.”

“गुडविल म्हणजे?” मी विचारलं.

“गिऱ्हाईक दुसरीकडं न जाता तुमच्याकडंच का येतं, ते. ओळख, नाव, विश्वास. आता असं समजा, उद्या गिरणी जळून गेली. तरी जे उरेल ते गुडविल.”

“राख?”

दादानं टेबलाखालून माझा पाय दाबला. साहेबांनी कागदावर बरंच काही मांडलं. जागा भाड्याची, मशीन जुनं आणि दरवर्षी आणखी जुनं होणारं. गुडविलचं तसं नाही म्हणे, ते वाढत जातं. शेवटी जागा आणि मशीन एका पारड्यात टाकलं तरी गुडविल जड निघालं.

“मशीन मला द्या,” भाऊजी म्हणाले. “माणसांचं मला कळत नाही.”

“आम्हाला गुडविल!” दादा एवढ्या घाईनं म्हणाला, की शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला ते हवं होतं असं वाटावं.

कागद झाला. पक्ष क्रमांक एक, रामलिंग पिंगळे. त्यांनी मशीन आणि जागा वापरावी. गिऱ्हाइकांशी असलेली जुनी ओळख, सलगी व नावलौकिक यांवर त्यांचा हक्क राहणार नाही. पक्ष क्रमांक दोन, श्रीमती इंदुमती पिंगळे. त्यांनी मशीनला हात लावू नये. सह्या झाल्या. साहेबांनी पेढे दिले.

दादा खुशीत होता. एसटी स्टँडवर उसाचा रस पिता पिता त्याचा ग्लास तोंडाजवळच थांबला.

“इंदू, पण तू आता करणार काय?”

“गुडविल.”

“हां, पण म्हणजे सकाळी उठून नेमकं काय?”

ते मलाही माहीत नव्हतं. दादा विचारात पडला. मग म्हणाला, “घटस्थापनेपर्यंत बघ. पोटापुरतं जमलं तर राहा. नाहीतर त्या दिवशी मी टेंपो घेऊन येतो. पितृपक्षही संपलेला असेल. सामानासकट लातूरला चल, मागची खोली आहेच.”

मागची खोली मी पाहिली होती. तिच्यात दादाच्या सासऱ्यांची दोन कपाटं होती आणि एक खिडकी होती. खिडकी उघडली की शेजाऱ्याची भिंत हाताला लागायची. मला तिथं जायचं नव्हतं. का, ते दादाला नीट सांगता आलं नसतं. पण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी खुर्ची उचलली आणि गिरणीसमोर, रस्त्याच्या ह्या बाजूला जाऊन बसले. वीस वर्षं त्या वेळेला मी तिथंच असायची, फक्त आठ पावलं पलीकडं. लोक आले. सवयीनं डबे माझ्यापुढं ठेवले. मी म्हटलं, “पलीकडं द्या, आता मशीन त्यांचं.” लोक पलीकडं गेले. तिथं भाऊजींनी सगळ्यांना नावं विचारली.

पहिले लिमकर सर. निवृत्त चित्रकला शिक्षक. ते रागावले नाहीत, नाव सांगितलं.

“कसं दळू?” भाऊजींनी विचारलं.

“नेहमीसारखं.”

“नेहमी कसं?”

सरांनी विचार केला, डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली, आणि रस्ता ओलांडून माझ्याकडं आले.

“इंदूताई, माझं दळण कसं असतं हो?”

तेव्हा मला कळलं की आळीत एकालाही आपलं पीठ कसं लागतं ते ठाऊक नव्हतं. मला होतं. सरांची ज्वारी अगदी बारीक, कारण पत्नी गेल्यापासून भाकऱ्या ते स्वतःच थापत आणि जाड पिठाची भाकरी त्यांच्या हातात फुटे. ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. स्वयंपाकाला बाई येते असं ते सांगत. मीही ती बाई येते असंच धरून चालायची, कधी कधी तिची खुशालीसुद्धा विचारायची.

मी चिठ्ठी लिहिली: ‘लिमकर सर. ज्वारी. बारीक. स्वयंपाकाच्या बाईंना तसंच लागतं.’

सरांनी चिठ्ठी वाचली. “बरोबर,” म्हणाले, आणि खाली बघत पलीकडं गेले.

तेव्हापासून तसंच सुरू झालं. लोक आधी ओळख घ्यायला माझ्याकडं येत, मग दळण द्यायला पलीकडं जात. भाऊजी चिठ्ठी वाचत, मशीन लावत, आणि डबा परत देताना एखाद्या सरकारी खिडकीतून बोलावं तसं म्हणत, “आपलं दळण झालं आहे.” ज्या माणसांबरोबर ते विटीदांडू खेळले त्यांना! एकदा मी चिठ्ठीत ‘पंढरीची आई’ असं लिहिलं तर चिठ्ठी परत आली. मागं लिहिलं होतं, ‘पंढरी कोण ते पक्ष क्रमांक एक यांना माहीत असण्याचा संबंध नाही.’

माझी जाऊ रत्नमाला एक दिवस स्वतःच डबा घेऊन गिरणीत गेली.

“नाव?”

“अहो, सकाळी चहा कुणी दिला?”

“ते घरी. इथं गिऱ्हाईक म्हणून आला आहात. नाव सांगा.”

रत्ना रस्ता ओलांडून आली, तोंडाला पदर लावून. मला वाटलं रडतेय. ती हसून हसून बेजार झाली होती. मग खरंच रडायला लागली.

“अक्का, हे घरीपण बोलंना झालेत. जेवताना भिंतीकडं तोंड करून बसतात. तुम्ही तरी समजवा.”

“मी काय समजवू? मला तर ते ‘पक्ष क्रमांक दोन’ म्हणतात.”

“मग तुम्ही काय म्हणता त्यांना?”

“काही नाही.”

“वा,” रत्ना डोळे पुसत म्हणाली. “दोघं एकाच गिरणीचे दगड.”

अनोळखी माणूस आला की मात्र भाऊजी बदलायचे. परगावचा कुणी वाट चुकून पत्ता विचारायला थांबला तरी त्याला आत बसवून घ्यायचे, गाव विचारायचे, पीकपाणी विचारायचे. अनोळखी माणसाला कागद आडवा येत नव्हता ना. एका जंतुनाशक विकणाऱ्याकडून त्यांनी तीन बाटल्या घेतल्या, निव्वळ तो तासभर बोलला म्हणून.

माझं म्हणाल तर, दळणाचे पैसे मशीन घ्यायचं. ओळखीचे कुणी देईना आणि मला मागता येईनात. सरांना काय म्हणू, तुमच्या हातात भाकरी फुटते हे मला माहीत आहे, त्याचे काढा? लोक लोणचं आणून देत, चटणी देत. चटण्याच सात प्रकारच्या झाल्या. कागदावर मी मशीनपेक्षा जड होते आणि घरातली डाळ तळाला गेली होती.

पितृपक्षाच्या शेवटच्या दोन दिवसांत आमची गिरणी दरवर्षी फक्त उपवासाची असे. आदल्या दिवशी दगड उघडून ब्रशनं कोपरान् कोपरा झाडायचा, पहिलं ओंजळभर पीठ गाईला टाकायचं, आणि मग भगर, शाबू, राजगिरा, एवढंच. त्या दोन दिवसांत कुणी गहू आणला तर मी दारातूनच वाटेला लावायची. दगडात आधीच्याचं चिमूटभर पीठ राहतंच. ते पुढच्याच्या डब्यात जातं. एरवी कुणाला फिकीर नसते, पण नवरात्रात देवीचा मामला असतो.

त्या वर्षी दगड भाऊजींनी एकट्यानं झाडले. सकाळी मी चौदा डब्यांच्या चौदा चिठ्ठ्या लिहिल्या, त्यांवर क्रम घातला, वर ठळक लिहिलं, ‘फक्त उपवासाचं.’ चार डबे झाले. मग मोटारसायकलवरून एक गडी आला, मागं पोतं बांधलेलं. भाऊजींनी मशीन बंद केलं.

“या, या! बसा! कुठून आलात?”

“कुर्डुवाडी रोडला ढाबा आहे माझा. तिकडची गिरणी बंद आहे.”

“ढाबा? वा! चहा घेणार ना?”

मशीन बंद असल्यामुळं मला सगळं ऐकू येत होतं. भाऊजी हसत होते. दीड महिन्यात ऐकलं नव्हतं ते हसणं. मग ते त्या माणसाला आमच्या यांच्याबद्दल सांगायला लागले. “माझे थोरले भाऊ असते ना, आत्ता उठून तुमच्याबरोबर ढाब्यावर आले असते. भजी म्हटलं की चालत निघायचे. एकदा तर पावसात...” ती पावसातली गोष्ट मला माहीत नव्हती. वीस वर्षांच्या संसारात मला माहीत नसलेली गोष्ट भाऊजी एका परक्या माणसाला सांगत होते. आणि मी आठ पावलांवर बसले होते.

चहा झाला, पोतं आत गेलं, मशीन सुरू झालं.

घटस्थापनेच्या दिवशी सकाळी अकराला दादाचा टेंपो आळीत शिरला. माझ्याकडं बोलण्यासारखं काही नव्हतं. दाखवण्यासारख्या सात चटण्या होत्या. दोन ट्रंका, गाद्या, भांड्यांचं पोतं टेंपोत चढलं. दादानं दोरी बांधायला घेतली, एवढ्यात मामींच्या घरातून आरडाओरडा ऐकू आला.

मामी आल्या त्या एका हातात उलथनं आणि एका हातात थालीपीठ घेऊन. मागून लिमकर सर, मागून रत्नासकट आळीतल्या सात-आठ बायका, प्रत्येकीच्या हातात एकेक डबा.

“इंदे, वास घे.” थालीपीठ माझ्या नाकाला लागलं.

“पिठल्याचा आहे,” मी म्हटलं.

“चाळीस वर्षं! उठता-बसता नव्हे, पुरे नऊ दिवस उपवास करते मी. ओली बाळंतीण होते तेव्हा मोडला नाही. आणि आज पहिल्या माळेला मी दीड थालीपीठ बेसन खाल्लं!”

“दीड संपेपर्यंत कळलं नाही?” सर म्हणाले.

“चव चांगली लागली म्हणून खाल्लं!” मामी ओरडल्या. “तिथंच मला संशय यायला पाहिजे होता.”

एकीची धिरडी पिवळीधमक झाली होती. एकीच्या सासऱ्यांनी आनंदानं तिसऱ्यांदा वाढून घेतलं होतं आणि आता ते देवघरासमोर तोंड झाकून बसले होते. सरांनी रस्त्यावरच चौकशी मांडली. कुणाचा डबा कितवा, कुणाच्या पिठाला वास. पहिले चार डबे चोख निघाले. पाचव्यापासून पुढं बेसन.

“म्हणजे चौथ्या आणि पाचव्याच्या मधे कुणाची तरी हरभऱ्याची डाळ दळली,” सर म्हणाले. सगळ्यांनी गिरणीकडं पाहिलं. भाऊजी दारात उभे होते, भुवयांवर पीठ. ते कुणाकडंच बघत नव्हते. बघितलं असतं तर ओळखावं लागलं असतं.

“इंदूताई,” सर म्हणाले, “तुमचा क्रम चुकला, का मशीनवाल्याचा हात? एवढंच सांगा. हात चुकला असेल तर आजपासून ह्या गिरणीवर आळीतला एक डबा चढणार नाही. आम्ही वर्गणी काढू आणि तुम्हाला नवं मशीन घेऊन देऊ. इथंच, ह्या पत्र्याखाली.”

“हो, हो,” बायका म्हणाल्या.

दादा दोरी सोडून माझ्याजवळ आला. “ऐकलंस? बोल. एक शब्द बोल, तुझं सगळं मार्गी लागलं.”

खरंच एका शब्दाचं काम होतं. लातूरची खोली नको, खिडकीबाहेरची भिंत नको.

“चूक माझी आहे,” मी म्हटलं.

ढाब्यावाल्याचं पोतं आत जाताना मी पाहिलं होतं. त्याचं तोंड सुटलेलं होतं. आत हरभऱ्याची डाळ होती, पिवळी, उन्हात चमकणारी. मी खुर्चीतून अर्धी उठले होते. ‘भाऊजी, आज नको’ एवढं म्हटलं असतं तरी झालं असतं. मशीनला हात लावायला मला बंदी होती, हाक मारायला नव्हती. आणि मी पुन्हा खाली बसले. दळू देत, मनात म्हटलं. कळू देत सगळ्यांना, माझ्याशिवाय ही गिरणी काय आहे ते. आळीभराचं गुडविल माझ्या नावावर होतं आणि मी पत्र्याखाली बसून एका माणसाचं वाईट चिंतत होते.

हे मी लोकांना सांगितलं नाही. चूक माझी, एवढंच पुन्हा म्हटलं.

“तुझी कशी असंल?” मामी म्हणाल्या. “तू आणि क्रम चुकवशील?”

“चुकवला.”

मग मामींनी मला झापलं. बाकीच्यांनीही झापलं. एकजण म्हणाली, गुडविल डोक्यात गेलं. सरांनी टोपी काढून पुन्हा घातली. दादानं माझी खुर्ची उचलली आणि टेंपोत गाद्यांवर उलटी टाकली.

“चल,” तो म्हणाला. “तुझ्या नशिबात मागची खोलीच आहे.”

तेवढ्यात भाऊजी रस्ता ओलांडून आले. दीड महिन्यात पहिल्यांदा. माझ्यापासून दोन हातांवर थांबले, डोक्यावरचं फडकं काढलं.

“पक्ष क्रमांक दोन, एक विनंती आहे.”

“बोला.”

“द्वारकामामींना ओळखायची परवानगी पाहिजे. एकदाच. पाच मिनिटं पुरे.”

“कशाला?”

“माफी मागायची आहे.” त्यांनी फडक्यानं भुवयांवरचं पीठ पुसलं. “अनोळखी माणसाची मागून बघितली, आत्ता, तिथं उभं राहून, मनातल्या मनात. येत नाही मागता.”

मामींनी उलथनं खाली केलं.

“कागदात तशी तरतूद नाही,” दादा म्हणाला.

“तू गप रे, लातूर,” मामी म्हणाल्या.

मी म्हटलं, “घ्या ओळख. सगळ्यांचीच घ्या.”

“सगळ्यांची?”

“सगळ्यांची, भाऊजी.”

ते मामींकडं वळले. “मामी,” म्हणाले, आणि पुढचा शब्द यायला वेळ लागला. “पोतं मी घातलं. दगड पुसायचा विसरलो. त्या माणसाशी बोलायच्या नादात विसरलो. वहिनी मला वाचवायला खोटं बोलल्या.”

मी तोंड उघडलं आणि मिटलं. भाऊजी आज सत्तरीला आले. ते अजूनही तसंच समजतात.

“मुडद्या!” मामी म्हणाल्या. “दीड महिना मला नाव विचारतोस? मला? थांब, तुझ्या पाठीवरच लिहिते नाव.” आणि उलथनं खरंच उगारलं. भाऊजींनी वाकून पाठ पुढं केली. असा आनंदानं मार खाणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. तीन फटके बसले, चौथ्याला मामींचा हात त्यांच्या पाठीवरच राहिला, आणि त्या म्हणाल्या, “वाळलास रे. रत्ना, ह्याला जेवायला घालतेस का नाही?”

“भिंतीकडं तोंड करून जेवतात, मामी. पोळी दिसत नाही त्यांना.”

मग मामींनी निकाल दिला. उपवास मोडला तो मोडला, देवीची समजूत त्या काढतील, त्यांचं जुनं आहे. पण उरलेले आठ दिवस धड झाले पाहिजेत. आळीभराची भगर नवी आणायची, दगड पुन्हा झाडायचा, आजच्या आज दळायचं. “हा टेंपो उभाच आहे,” त्या म्हणाल्या. “त्यातलं ते सामान खाली घ्या.”

“ते हिचं सामान आहे!” दादा म्हणाला.

“मग खालीच घ्यायचं ना. भगर कुठं ठेवशील, डोक्यावर?”

ट्रंका उतरल्या. गाद्या उतरल्या. दादा आपला उतरणाऱ्या प्रत्येक वस्तूबरोबर वर-खाली होत होता.

“अहो, पण हिच्या पोटाचं काय?” शेवटी त्यानं भाऊजींनाच विचारलं.

“निम्मं निम्मं,” भाऊजी म्हणाले. “पहिल्यापासून तसंच होतं. लिहायला तुम्ही लावलंत.”

“बरं, मग हे तरी आता लेखी...”

“दादा,” मी म्हटलं, “भगर आण जा. दोन वाजता बाजार बंद होतो.”

तो गेला. सर त्याच्याबरोबर गेले, भगर पारखायला. मी पदर खोचला आणि गिरणीत शिरले. भाऊजींनी दगड उघडला, मी ब्रश घेतला. पावसात भज्यांची काय गोष्ट झाली होती, ते मी मधेच विचारलं आणि त्यांनी सांगितलं. ती सांगण्यासारखी नाही, पण आम्ही दोघंही हसलो आणि पीठ डोळ्यांत गेलं.

दुपारी डबे आले. भाऊजी स्वतः दारात जाऊन उभे राहिले आणि नावं पुकारायला लागले. समोर उभ्या असलेल्या माणसालासुद्धा ते पलीकडच्या आळीत ऐकू जातील अशा हाका मारत होते. “लिमकर सर! या! सावित्राकाकू! पंढरीची आई! काय म्हणतोय पंढरी?” डबा घेताना प्रत्येकाला विचारत होते, सून कशी आहे, गुडघा कसा आहे, म्हैस व्याली का. एकीचा गुडघा दुसरीला लावत होते. आपला नसलेला गुडघा बरा असल्याचं सांगून बायका पुढं सरकत होत्या.

सगळ्यांत शेवटी एक बाई उभ्या होत्या. टेलिफोन ऑफिसात बदलून आलेल्या, भाद्रपदात आळीत राहायला आल्या होत्या. आमचा कागद झाल्यानंतर, आणि गिरणीवर आज पहिल्यांदाच. भाऊजींनी त्यांना कधी ओळखलंच नव्हतं. त्यांनी बाईंकडं पाहिलं. आज आपल्याला माहीत नाही असं एखादं माणूस रांगेत असावं, हे त्यांना सोसवेना, ते मला चेहऱ्यावर दिसत होतं.

“या, या जगदाळे काकी!” ते ओरडले. “बऱ्याच दिवसांनी!”

बाईंचं नाव जगदाळे नव्हतं. आमच्या आळीत जगदाळे कुणीच नव्हतं. मागं उभ्या असलेल्या मामींनी श्वास रोखल्याचं मला ऐकू आलं.

बाईंनी एकदा भाऊजींकडं पाहिलं. एकदा माझ्याकडं.

“ओ,” त्या म्हणाल्या, आणि डबा पुढं केला.